घट

कसब्या बावड्यात, कोर्टाच्या कुंपणाबाहेर
पत्र्याच्या सावलीत माझं टेबल.
टाइपरायटर गेला, कॉम्प्युटर आला,
'सबब विनंती की' तेवढं राहिलं.

हुपरीच्या एसटीतून उतरून सुगंधा वाइंगडे आल्या.
पिशवीत पेपरचं कात्रण, चौकोनी घडीचं:
दोन विधेयकं मांडलीत.
एक, न्यायाधीशांच्या उत्तरदायित्वाचं.
दुसरं, बाहेरच्या देशातलं स्वस्त औषध
राज्यानंच आणून द्यावं, असं.
हरकती व सूचना तीस दिवसांत.
आज एकोणतिसावा.

"लिवा," म्हणाल्या, "मी सांगतो तसं."

सदरहू अर्जदार, वय एकावन्न, धंदा चांदीकाम—
"धंदा न्हवं, मजुरी.
पैंजणाच्या कड्यांना डाग देतो मी.
सकाळी शेठ चांदी मोजून देतो,
सांजचं मोजून घेतो.
किलोमागं दहा ग्रॅम घट धरायची,
अकरावा गेला तर माझ्या मजुरीतनं.
घर झाडलेली धूळसुदीक टाकत न्हाई आम्ही,
धुऊन बघतो. तिच्यात चांदी असती."

बाई, याचा विधेयकाशी काय—

"लिवा की वो."

मग लेक. सन्मती.
किडनी आईचीच, पुण्याला नेऊन बसवलेली.
अंगानं ती परकी म्हणून टाकून देऊ नये
यासाठी रोज दोन गोळ्या.
इथं पाकिटाला चार हजार दोनशे.
भाचा बोटीवर असतो, त्यानं कुठल्याशा बंदरात विचारलं:
तीच गोळी, तोच रंग, सहाशेला.
विमा कंपनीवर दावा लावला. एकवीस तारखा.
निकालासाठी प्रकरण बंद झालं
आणि साहेबांची बदली झाली.
नवे साहेब पहिल्यापासून ऐकायला बसले.
मधल्या आठ महिन्यांत
चांदीची तार कापायच्या कातरीनं
एका गोळीच्या दोन.
"कातर उकळून घेत हुतो,"
हे त्यांनी दोनदा सांगितलं.

'वर नमूद कालावधीतील विलंबामुळे'
मी टाइप केलं.
त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं.
"विलंब खोडा. घट लिवा.
औषधाच्या पाकिटावर बघा,
कधी केलं, कधी बाद हुणार,
किती रुपये, कुणी केलं, कुठल्या गावात.
नखाएवढी गोळी एवढं सगळं सांगती.
निकालाच्या कागदावर का नगं?
ऐकून झालं कधी, लिवलं कधी,
मधले दिवस कुणाच्या खात्यावर?
शिक्षा करा म्हणत न्हाई मी कुणाला.
मोजून घेतलंय, मोजून द्यावं."

आत शिपायानं कुणाचं तरी नाव पुकारलं,
तीनदा.
कोणी ओ दिली नाही.

सन्मती आता कशी आहे,
हे मी विचारणार होतो.
पंख्यानं उडणाऱ्या कागदावर हात ठेवून त्याच बोलल्या,
"रिपोर्ट बरा न्हाई. चारच्या वर गेलंय.
माझी एक तिच्यात हाय.
ती घटीत धरून चाललोय आता.
हे लिवू नका."

मी हात वर उचलले
कळपट्टीवरून.

दोन पानं. चाळीस रुपये.
दहाच्या चार नोटा त्यांनी एकेक करून टेबलावर मांडल्या
आणि उभ्याच राहिल्या.
"पावती?"

एकतीस वर्षांत कुणी मागितली नव्हती.
खण उघडला: टाचण्या, वाळलेलं स्टॅम्पपॅड,
कुणाचा तरी विसरलेला चष्मा.
मग कोऱ्या कागदावरच लिहिलं,
रक्कम अक्षरी, रक्कम अंकी, तारीख,
आणि खाली सही केली
वाचता येईल अशी.